झील धरणारी गिटार

घरातली निजानीज झाली की मी कधी कधी हेडफोन लावून दोन ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐकतो. पहिलं साडेतीन मिनिटांचं: सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी, ‘जात कहाँ हो’. केसरबाईंचा शेवटचा स्वर विरतो आणि गिटारची तार कण्हल्यासारखी वाजू लागते. तिच्या मागोमाग एक पुरुषी आवाज येतो. हुंकारतो, विव्हळतो, मध्येच ‘आ’काराकडे झुकतो आणि पुन्हा ओठ मिटून घेतो. सव्वातीन मिनिटं हेच चालतं. त्यात एकही शब्द नाही.

हा क्रम मी लावलेला नाही. १९७७ साली ‘नासा’नं व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही यानं सोडली, तेव्हा पृथ्वीची ओळख म्हणून दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. जगभरातून निवडलेल्या संगीतात गोव्यातल्या केरीला जन्मलेल्या केसरबाईंच्या लगेच पुढे टेक्सासचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन येतो आणि त्याच्या पुढे बेथोवन. व्हॉयेजर-१ उडाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. जॉन्सन तर ३२ वर्षं आधीच गेला होता. आज ते दोघे सूर्यमालेच्या वेशीबाहेर शेजारी शेजारी आहेत. या शेजारामुळेच मी जॉन्सनपर्यंत पोचलो आणि मग त्याच्यासारख्या इतर गायकांपर्यंत.

त्याच्या त्या तुकड्याचं नाव ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. रात्र काळोखी होती, भुई गार होती. इंग्लंडमधल्या थॉमस हॉइस यांनी १७९२ मध्ये लिहिलेल्या प्रार्थनागीताच्या पहिल्या ओळीवरून हे नाव आलंय. प्रसंग बायबलमधला: वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत भुईवर पडून प्रार्थना करतो आणि शिष्य झोपून जातात. जॉन्सननं ३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये हे ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्यानं सगळे शब्द गाळले. राहिलं ते फक्त कण्हणं.

आता गोंधळाची गोष्ट. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लौकिक गाण्याचा, कुठलाही इतिहास उघडा, जॉन्सन तिथे असतोच. तारेवरून घसरत जाणारं त्याचं स्लाइड वादन ऐकून कित्येक ब्लूज वादक घडले. पण १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीसाठी त्यानं जी ३० गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांत ब्लूज एकही नाही. सगळी देवाची. उलट ज्यांनी आयुष्यभर दारू, प्रेमभंग आणि आगगाडीची गाणी गायली, अशा पक्क्या ब्लूजवाल्यांनीही चर्चमधली जुनी गाणी गाऊन ठेवली आहेत आणि ती ऐकताना अंगावर काटा येतो. मग ही दोन संगीतं वेगळी की एकच? आणि वेगळी असतील तर एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूचं गाणं इतकं आतून कसं गातो?

आधी शब्दांची थोडी झाडझूड करू. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुलामीच्या काळात बायबलमधल्या गोष्टींवर सामुदायिक गाणी रचली, ती स्पिरिच्युअल्स. त्यांना एक असा कर्ता नाही, आपल्या ओव्यांसारखी ती तोंडोतोंडी आली. १८६५ मध्ये गुलामी संपली, आणि १८७१ पासून फिस्क ज्युबिली सिंगर्स या विद्यार्थ्यांच्या पथकानं ही गाणी देशोदेशी नेली. गोऱ्या धर्मोपदेशकांनी लिहिलेली प्रार्थनागीतं हा दुसरा झरा. त्यातली आयझॅक वॉट्स यांची गीतं काळ्या चर्चमध्ये इतकी मुरली की त्या गाण्याच्या पद्धतीलाच लोक ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणू लागले. गॉस्पेल हे नाव आज आपण ज्या अर्थानं वापरतो ते त्यानंतरचं, साधारण १९३० च्या आसपास शिकागोसारख्या शहरांत रुजलेलं: ठरावीक गीतकार, छापील स्वरलिपी, पियानो, मोठा गायकवृंद. ‘पारंपरिक गॉस्पेल’ म्हणून तबकडीवर जे छापलेलं असतं त्यात हे तिन्ही झरे मिसळलेले असतात. गाणाऱ्यालाही त्यातलं कुठलं कुठून आलं याची फिकीर नसायची. गाणं आजीकडून आलं, एवढं त्याला पुरे होतं.

आणि ब्लूज? त्याचा नेहमीचा साचा सोपा आहे. तीन ओळींचं कडवं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला १६ मात्रा, तिघींच्या मिळून ४८. चार-चार मात्रांचे बारा गट होतात म्हणून त्याला ‘ट्वेल्व्ह बार’ म्हणतात. खरी मेख पुढे आहे. १६ पैकी साधारण निम्म्या मात्रांत ओळ गाऊन संपते. उरलेली जागा मोकळी. गायक गप्प राहतो आणि त्या जागेत त्याची गिटार बोलते. ही मोकळी जागा लक्षात ठेवा.

स्वरांचंही थोडं सांगायला हवं. गंधार आणि निषाद कोमलाकडे ओढलेले, आणि मध्यम-पंचमाच्या मधली एक बोचरी जागा. यांना ब्लू नोट्स म्हणतात. पियानोच्या पट्टीवर त्या नेमक्या सापडत नाहीत, कारण त्या दोन पट्ट्यांच्या फटीत राहतात. ज्यांचे कान श्रुती आणि मींड यांवर वाढलेत त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. गिटारलाही पडदे असतात, म्हणजे तिथेही तीच अडचण. त्यावर या वादकांनी काढलेला उपाय म्हणजे स्लाइड: बाटलीची तोडलेली मान बोटात घालायची किंवा चाकू धरायचा आणि तारेवरून घसरवत न्यायचा. पडद्यांचं बंधन सुटतं, तार माणसाच्या गळ्यासारखी हव्या त्या जागी थांबते, थरथरते, खाली कोसळते. गंमत म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्या बायाबापड्यांच्या गळ्यातही हेच स्वर होते. ते कुणी कुणाकडून घेतले नव्हते, दोघांच्याही आजीच्या गळ्यातले ते होते.

म्हणजे स्वर एक, माणसं एक, वस्ती एक. तरी मधे भिंत होती आणि ती चांगली भक्कम होती. ब्लूजला चर्चमधली मंडळी ‘सैतानाचं संगीत’ म्हणत. यामागे स्वरांचा काही दोष नव्हता, दोष जागेचा होता. मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यात आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली माणसं शनिवारी रात्री एखाद्या खोपटात जमत. तिथे चोरटी दारू असे, जुगार असे, नाच असे, कधी चाकूही निघे. या अड्ड्यांना ‘जूक जॉइंट’ म्हणत आणि तिथलं संगीत ब्लूज. रविवारी सकाळी त्यातलीच बरीच माणसं धुतलेले कपडे घालून चर्चच्या बाकावर. ज्या समाजाला बाहेर कुठेच मान नव्हता त्याला चर्चमध्ये तरी तो मिळत होता. डीकन, म्हणजे चर्चचा पदाधिकारी म्हणून, गायिका म्हणून, कुणाची तरी आई म्हणून. तो मान राखायचा तर शनिवारची रात्र उंबऱ्याबाहेर ठेवणं भाग होतं. त्यांच्या या कडकपणामागची भीती मला समजते.

या भिंतीचा हिशेब नामवंत ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगनं फार सोपा करून सांगितला आहे. तरुणपणी तो मिसिसिपीतल्या इंडियानोला गावात सुटीच्या दिवशी रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन बसायचा. कुणी देवाचं गाणं सांगितलं की तो म्हणायचा. लोक पाठीवर थाप मारायचे, तोंड भरून आशीर्वाद द्यायचे आणि निघून जायचे. कुणी ब्लूज म्हणायला सांगितलं की गाणं संपल्यावर नाणी पडायची. आशीर्वादानं पोट भरत नाही हे त्याला त्या कोपऱ्यावर कळलं. पण गिटारचे पहिले धडे त्याला एका धर्मोपदेशकाकडूनच मिळाले होते, आणि नाव झाल्यावर १९५९ च्या सुमारास त्यानं स्पिरिच्युअल्सची एक अख्खी तबकडी काढली. ज्या कोपऱ्यावरून त्याला पैशापायी उठावं लागलं होतं, तिथे तो परत येऊन बसला असं मला ती ऐकताना वाटतं.

रेकॉर्ड कंपन्यांना या भिंतीचं काही देणंघेणं नव्हतं. १९२० नंतर काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या ‘रेस रेकॉर्ड्स’ निघू लागल्या, आणि बघता बघता कंपन्यांच्या लक्षात आलं की देवाचं गाणं आणि प्रवचनंही धडाक्यानं खपतात. अटलांटाच्या रेव्हरंड जे. एम. गेट्स यांची प्रवचनं १९२६ पासून तबकड्यांवर येऊ लागली, ती लोकांनी उचलून धरली. मग ब्लूजवाला स्टुडिओत आला की त्याच्याकडून दोन्ही गाऊन घ्यायचं, आणि धार्मिक तबकडीवर नाव दुसरंच छापायचं. चार्ली पॅटन हा मिसिसिपी डेल्टा ब्लूजचा आद्यपुरुष मानला जातो. १४ जून १९२९ ला इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये त्यानं पॅरामाउंट कंपनीसाठी एका दिवसात १४ गाणी म्हटली. त्यातलं ‘पोनी ब्लूज’ चार्ली पॅटनच्या नावानं निघालं. त्याच दिवशी, त्याच गिटारवर, त्याच घोगऱ्या आवाजात म्हटलेलं ‘प्रेयर ऑफ डेथ’ मात्र ‘एल्डर जे. जे. हॅडली’ या नावानं. टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसननं त्याआधीच ‘डीकन एल. जे. बेट्स’ हे नाव घेऊन धार्मिक गाणी म्हटली होती. गिऱ्हाइकानं घरी नेलेल्या पवित्र तबकडीवर शनिवारचा माणूस दिसू नये, एवढ्यासाठी ही सोंगं. आवाज ओळखणाऱ्यांनी तो ओळखलाच असणार.

आता त्या मोकळ्या जागेकडे परत येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

जुन्या काळ्या चर्चमध्ये गीतांची पुस्तकं जेमतेम असत, आणि वाचता येणारेही थोडेच. त्यामुळे गाण्याची रीत, मघाची ‘डॉक्टर वॉट्स’ रीत, अशी: पुढे उभा असलेला माणूस एक ओळ झपाट्यानं म्हणून सोडतो. मग सगळी मंडळी तीच ओळ उचलतात, पण अतिसंथ, एकेका अक्षरावर रेंगाळत, ज्याचा त्याचा गळा ज्याच्या त्याच्या वाटेनं फिरत. एकसुरी नाही, बेसूरही नाही. समुद्राची लाट किनाऱ्याला लागावी तसा तो आवाज येतो. त्याच्या जोडीला दुसरी रीत, सवाल-जवाबाची: एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणून ती उचलून धरतात. झील नसेल तर पोवाडा उघडा पडतो. काळ्या चर्चमधल्या गाण्याचंही तसंच. ते एकट्याचं गाणं नाहीच. ते मंडळीशिवाय पुरं होत नाही.

आणि हा ब्लूजवाला तर एकटा. रस्त्याच्या कडेला, रेल्वे स्टेशनवर किंवा स्टुडिओतल्या एका माइकसमोर बसलेला. त्याच्याकडे झील धरायला कोण? गिटार. ब्लूजच्या कडव्यात गिटारसाठी राखलेली ती मोकळी जागा तो चर्चच्या गाण्यात मंडळींना देऊन टाकतो. स्लाइडनं माणसाचा गळा काढायचं कसब हातात असल्यामुळे ती नुसती साथ करत नाही, ओळ म्हणते.

जॉन्सनचं ‘जीजस मेक अप माय डाइंग बेड’ ऐका. शेवटच्या घटकेला येशूच माझं अंथरूण घालेल, असा त्याचा आशय. शीर्षकातलेच शब्द तो पुष्कळदा तोंडानं पुरे करत नाही. ओळ अर्ध्यात आणून सोडतो आणि शेवटचे शब्द तार म्हणते. ऐकणाऱ्याला गाणं माहीत असतं, त्यामुळे शब्द त्याच्या मनात आपोआप उमटतात. म्हणजे मंडळीत आता आपणही आलो. ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये तर तो याच्याही पुढे गेलाय. तार ओळ सोडते, गळा तिला हुंकारानं उत्तर देतो. मग गळा पुढे होतो आणि तार त्याच्यामागून जाते. ओळ सोडणारा कोण आणि उचलणारा कोण, हे थोड्या वेळानं सांगताच येत नाही. डॉक्टर वॉट्सच्या रीतीनं गाणारी अख्खी प्रार्थनासभा त्यानं एक गळा आणि एका वाद्यात बसवली, आणि शब्द काढून घेतले तरी ती प्रार्थना राहिली.

त्याचं आणखी एक गाणं मला सोडवत नाही: ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’. माझ्या घरात बायबल आहे, आईनं मला वाचायला शिकवलं. तरी मी वाचलं नाही आणि माझा आत्मा वाया गेला तर तो दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. हे एक आंधळा माणूस म्हणतोय. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. वाचता येत नाही ही सबब त्याच्या हाताशी तयार होती आणि ती त्यानं घेतली नाही. १९४५ मध्ये टेक्सासमधल्या बोमाँटला त्याचं घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर झोपत राहिला, आजारी पडला आणि गेला, असं त्याची पत्नी अँजेलिननं पुढे सांगितलं. काळोखी रात्र आणि गार भुई त्याला प्रार्थनागीतातून उसनी आणावी लागली नव्हती.

एकच पारंपरिक गाणं दोघांनी कसं घेतलं हे बघायचं असेल तर ‘जॉन द रेव्हलेटर’ हाताशी आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, योहानाला सात शिक्क्यांनी बंद केलेलं पुस्तक दिसतं. गाणं सवाल-जवाबाचं: ‘ते कोण लिहितंय?’ आणि उत्तर, ‘योहान!’ जॉन्सननं हे १९३० मध्ये अटलांटात गायलं. तो खरखरीत, रस्त्यावरच्या प्रवचनकाराच्या आवाजात हाक देतो आणि जवाबाला विली बी. हॅरिस या त्याच्या पहिल्या पत्नीचा स्वच्छ, उंच आवाज येतो. खरी झील. पुढे ३५ वर्षांनी, १९६५ मध्ये, मिसिसिपीचा ब्लूजवाला सन हाउस यानं तेच गाणं म्हटलं. जवाबाला कुणी नाही. गिटारही खाली ठेवलेली. नुसता गळा आणि टाळ्या. हाक तोच देतो, जवाबही तोच देतो आणि टाळ्यांची लय मध्येच हलते, पुन्हा जागेवर येते, जशी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागल्यावर हलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं अर्धवट राहिल्यासारखं वाटलं मला. आता वाटतं, रिकाम्या बाकांसमोर उभा राहून हा माणूस गेलेल्या सगळ्यांच्या वाटची टाळी वाजवतोय.

सन हाउसच्या आयुष्यातूनच ती भिंत गेली होती. विशीतच तो धर्मोपदेशक झाला. ब्लूजचा त्याला तिटकारा होता. मग एकाची स्लाइड गिटार कानी पडली आणि त्यानं व्यासपीठ सोडलं. पण आतला उपदेशक गेला नाही. १९३० मध्ये विस्कॉन्सिनच्या ग्राफ्टन गावी त्यानं ‘प्रीचिन द ब्लूज’ म्हटलं. त्यात तो म्हणतो, मला बॅप्टिस्ट उपदेशक व्हायचंय, म्हणजे काम करावं लागणार नाही. वाक्य टोमण्याचं आहे, पण ऐकताना हसू येत नाही. ते गाणं तो ब्लूजचं प्रवचन करावं तसं घोषत म्हणतो आणि कुठल्या बाजूला उभं राहावं हे त्याला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. स्किप जेम्सचं उलट झालं: १९३१ मध्ये ब्लूज आणि देवाची गाणी अशी दोन्ही ध्वनिमुद्रित करून तो चर्चकडे वळला आणि १९६४ मध्ये लोकांनी शोधून काढेपर्यंत बाहेरच्या जगाला दिसला नाही. रेव्हरंड गॅरी डेव्हिस दीक्षित धर्मोपदेशक झाला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी गाऊ लागला. डोळ्यांनी अंध, पण बोटं अशी की एका गिटारवर अख्खा पियानो वाजतोय असं वाटावं. त्याचं ‘शमशोन आणि दलीला’चं गाणं पुढे कितीतरी जणांनी उचललं.

भिंतीपलीकडून ब्लूज चर्चमध्ये आणणाऱ्या माणसाला वगळून हा विषय पुरा होत नाही. थॉमस ए. डॉर्सी, जन्म १८९९, जॉर्जिया. वडील उपदेशक. ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं त्यानं मा रेनी या थोर ब्लूज गायिकेला पियानोची साथ केली. १९२८ मध्ये गिटारवादक टॅम्पा रेडबरोबर त्यानं काढलेलं एक चावट गाणं देशभर गाजलं. मग तो गॉस्पेल लिहू लागला, तर शिकागोतल्या मोठ्या चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याच्या सुरांत त्यांना शनिवार ऐकू येत होता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइसला एका धर्मसभेसाठी गेला असताना तार आली. पत्नी नेटी बाळंतपणात गेली होती. घरी पोचला, पाठोपाठ बाळही गेलं. काही दिवसांनी मित्र थिओडोर फ्रायबरोबर तो एका खोलीत पियानोपाशी बसला होता. बोटांना एका जुन्या प्रार्थनागीताची चाल लागली आणि तिच्यावर नवे शब्द येऊ लागले: प्रभू, माझा हात धर. डॉर्सी आधी नुसतं ‘ब्लेसेड लॉर्ड’ म्हणत होता. ‘प्रेशस’ म्हण, असं फ्रायनं सुचवलं. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं असं झालं. चाल चर्चची, तिच्यातली ओढ आणि मुरड ब्लूजची. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सननं हेच गाणं म्हटलं, आणि महेलियानं जन्मभर ब्लूज गायला नकार दिला होता.

सिस्टर रोझेटा थार्पनं तर भिंत आहे हेच मानलं नाही. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये, नाचणाऱ्या मुलींच्या मेळ्यात, देवाची गाणी म्हणत उभी राहिली. ज्या चर्चनं तिला वाढवलं होतं तिथल्या लोकांना ते लागलं. ते चर्च मात्र वाद्यांना घाबरणारं नव्हतं. तंतुवाद्यांनी आणि झांजांनी देवाची स्तुती करा, असं स्तोत्रसंहितेच्या १५० व्या स्तोत्रातच म्हटलंय, या आधारावर त्या पंथात गिटार, डफ, ढोल सगळं चाले. रोझेटानं ती गिटार इलेक्ट्रिक केली आणि पुढच्या रॉकवाल्यांना धडा घालून दिला.

१९६० च्या दशकात हे म्हातारे गायक एकेक करून पुन्हा सापडले आणि विद्यापीठांत, लोकसंगीताच्या महोत्सवांत गोऱ्या तरुणांसमोर गाऊ लागले. तिथे शनिवार-रविवारची भिंत नव्हतीच. समोरच्या मुलांना सगळंच ‘ब्लूज’ वाटायचं. एका परीनं बरं झालं, दोन्ही गाणी एका बैठकीत मोकळेपणानं गाता आली. पण काहीतरी निसटलंही. झील धरणारं समोर कुणी नव्हतं. हे श्रोते आदरानं गप्प बसत आणि शेवटी टाळ्या वाजवत. चर्चमध्ये गाण्याच्या शेवटी टाळ्या पडत नाहीत, गाण्याच्या मध्ये पडतात.

म्हणून शेवटी फ्रेड मॅकडॉवेल. मिसिसिपीतल्या कोमो गावचा शेतकरी. १९५९ मध्ये लोकसंगीत गोळा करत फिरणारे अ‍ॅलन लोमॅक्स तिथे पोचले तोवर त्याचं एकही ध्वनिमुद्रण झालेलं नव्हतं आणि तो पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याचं ‘यू गॉट्टा मूव्ह’ इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडनं १९७१ मध्ये गायल्यामुळे जगाला कळलं. देवाची वेळ झाली की श्रीमंत असो, गरीब असो, उठून निघावंच लागतं, एवढाच आशय. त्यात स्लाइड आवाजाला सावलीसारखी चिकटून चालते. इतर गाण्यांत मात्र तो जॉन्सनसारखाच ओळ अर्ध्यावर सोडून देतो आणि तारेला पुरी करू देतो. स्टोन्सच्या तबकडीचे पैसे त्याच्यापर्यंत पोचावेत म्हणून त्याच्या रेकॉर्ड कंपनीचे ख्रिस स्ट्राखविट्झ यांना झगडावं लागलं. ‘पारंपरिक’ या शब्दाच्या आड गाणाऱ्याचा वाटा सहज गडप होतो.

पण त्याची माझी आवडती तबकडी १९६६ ची, ‘अमेझिंग ग्रेस’. तीत तो एकटा नाही. कोमोच्या हंटर्स चॅपेल या छोट्या चर्चमधली गाणारी माणसं त्याच्याबरोबर आहेत. मॅकडॉवेल ओळ सुरू करतो, त्या बाया ती उचलतात, प्रत्येकीचा गळा आपापल्या वाटेनं जातो, आणि त्यांच्या आवाजांच्या मधोमध स्लाइडची तार चालत असते. डोळे मिटून ऐकलं तर तारेतला आवाज कुठला आणि गळ्यातला कुठला, हे काही क्षण कळत नाही. मग एखादी बाई श्वास घ्यायला थांबते, आणि गिटार थांबलेली नसते.